लाल रेषेपलीकडचा काटा

पायलट इंद्रजित खोटं बोलतोय, याबद्दल माधुरीला तिळभरही शंका नव्हती. खोटारडा माणूस आधी आवाज चढवतो, आणि शिवऱ्याच्या त्या मोकळ्या शेतात कॅप्टनसाहेबांचा आवाज पार मांडवापर्यंत पोचत होता.

"तुमचा काटा बिघडलाय! इंजिन नाही, काटा!"

"काटा बिघडलाय की तुमचा हात, ते मी बघते," माधुरी म्हणाली.

धनाजीरावांचा मुलगा नवरदेव होऊन हेलिकॉप्टरनं वेल्ह्याला, मुलीच्या गावी जायचा होता. त्याआधी इंद्रजित तिथली उतरायची जागा बघायला एकटाच उडाला आणि अर्ध्यातून परत आला. म्हणे, इंजिनाच्या वेगाचा काटा लाल रेषेपलीकडे पळाला. शेजारचा, डोक्यावरच्या पंख्याच्या वेगाचा काटा मात्र जागचा हलला नाही. इंजिन आणि पंखा पट्ट्यांनी जोडलेले, पळाले तर दोघंही पळणार. एकच काटा पळाला असेल तर दोष काट्याचा. दोन्ही पळाले असतील तर पायलटनं वेगाची मूठ जास्त पिळली, दोष त्याचा. मग इंजिन तपासायला उतरवायचं, चौकशी बसवायची आणि साहेबांनी घरी बसायचं.

घरी बसणं म्हणजे काय, ते माधुरीला विचारावं. मागच्या वर्षी यानंच हेलिकॉप्टर आपटून उतरवलं, खालची दांडी वाकली, आणि हा बिनदिक्कत म्हणाला, की इंजिनिअर बाईंनी बोल्ट नीट आवळले नव्हते. कंपनीचे मॅनेजर अमृतरावांनी त्याचंच मानलं आणि तिला घरी बसवलं. अख्खा पावसाळा भोरला आईच्या घरी भाकऱ्या थापत आणि शेजारणींच्या चौकशा ऐकत गेला. तेच अमृतराव आज छत्रीखाली उभे होते.

"म्याडम, आवरा की!" धनाजीराव घामाघूम झाले होते. "समदं वेल्हं वर बघत बसलंय. पाव्हण्यांत इज्जत जाईल माजी."

इंद्रजितच्या हातावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून जमिनीवर इंजिन चालवायला ती स्वतःच बसली. दोन्ही काटे शेजारी शेजारी चढले आणि गप उभे राहिले. माधुरीला आनंद झाला, आणि तो तिनं लपवलाही नाही.

"काटा तर शहाण्यासारखा वागतोय, कॅप्टन."

"हवेत बिघडला होता. शपथ घेऊ का आता?"

"तुमच्या शपथेचं लोणचं घालू?"

अमृतरावांनी कॅप्टनकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अविश्वासाची नजर तिच्या ओळखीची होती. आता फक्त काट्याकडे जाणारी तार बघायची राहिली होती. उगाच कुणी बोट दाखवायला नको, म्हणून तिनं इंजिनाचं झाकण उघडलं आणि तारेचा प्लग ओढून काढला.

आत ओल होती. बोटाला चिकट लागली आणि बोट लाल झालं. कुंकू! सकाळी ती चहाला गेली तेव्हा नवरदेवाच्या आत्यानं, साळूबाईनं, नारळ फोडून हेलिकॉप्टरची पूजा केली होती. म्हणजे नारळाचं पाणी प्लगात गेलं, हवेत हादरे बसले आणि काटा भरकटला. इंद्रजित खरं बोलत होता.

सफाईच्या फवाऱ्याचा डबा तिच्या हातातच होता. एक फवारा मारला की कुंकू गेलं, नारळपाण्याचा चिकटा गेला आणि इंद्रजितचं खरंही गेलं. झाकणाआड तिला कुणी बघत नव्हतं. आयती संधी चालून आली होती. तिनं फवाऱ्यावर बोट ठेवलंसुद्धा.

त्याची दया वगैरे तिला आली नाही. पण खरं सांगूनही कुणी मानत नाही तेव्हा कसं वाटतं, ते त्या शेतात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण याच्यासारखं वागायचं, या विचाराचीच तिला किळस आली.

"अमृतराव, इकडे या," तिनं हाक मारली. "कॅप्टन खरं बोलतायत. आत्याबाई, नारळाचं पाणी कुठं ओतलंत?"

"कुठं म्हंजी? इंजनालाच की!" साळूबाई पुढं आली. "जाळीतनं आत सोडलं. वरवर शिंपडून देवाला पोचतंय व्हय?"

धनाजीराव बहिणीवर खेकसले, माणसं खो खो हसली. इंद्रजित मात्र हसला नाही. तो माधुरीकडे बघत राहिला.

प्लग धुऊन, वाळवून बसवला. यंत्र पास करणाऱ्यानं पहिल्या उड्डाणाला आत बसायचं, असा त्यांचा रिवाज होता, म्हणून ती त्याच्या शेजारी बसली. हायवे खाली गेला, किकवीकडची शेतं दिसली, काटे जुळलेले राहिले. परत वळताना तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"मागच्या वर्षी बोल्ट नीट होते. मीच जोरात टेकवलं होतं."

"हे मला कशाला सांगता? मला माहीत आहे. खाली उतरून अमृतरावांना सांगा," ती म्हणाली. "तुमचं खरं मी सांगितलं, तसं."

हेलिकॉप्टर अलगद टेकलं. अमृतराव छत्री टाकून धावत आले.

"कसं आहे? काही सांगायचंय?"

इंद्रजितनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"झकास आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "नवरदेवाला आणा."

मागच्या वर्षीचं खरं त्यानं पुन्हा गिळलं होतं. माधुरीनं खाली उतरून इंजिनाच्या झाकणाची कडी लावली. ओढून पाहिली, आणि परत एकदा ओढून पाहिली. आत धनाजीरावांचा पोरगा फेटा सावरत बसत होता.