पुलावरची थरथर

अप्पांचा ट्रक एरवी गरीब गाईसारखा होता. चढ असो की चिखल, चारी चाकांना जोर लावून, कुरकुरत का होईना, तो वर जायचाच. पण सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला आणि पुढचं चाक एखाद्या खाचेत आपटलं, की त्याच्या अंगात यायचं. स्टिअरिंग डावीउजवीकडे असे हिसके द्यायचं की बसलेल्याचे दात वाजावेत. वेग पार मंदावला की अंगातलं उतरायचं आणि ट्रक पुन्हा गाय व्हायचा.

अप्पा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने मोडीत काढलेला हा ट्रक त्यांनी घरी आणला होता. दर आठवड्याला ते तो घेऊन डोंगरावर धाकट्या बहिणीकडे जात. बहीण एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू होती आणि तिच्या घरापर्यंत बस जात नव्हती. पिठापासून औषधांपर्यंत सगळं ट्रकमधून वर जाई. खरं तर सामान हे निमित्तच असावं. दोघं भावंडं दिवसभर लहानपणीच्या कुठल्या तरी गोष्टीवरून कडाकडा भांडत आणि संध्याकाळी मोठ्या समाधानाने एकमेकांचा निरोप घेत.

या सगळ्यावर गदा आली ती मुलामुळे. तो एकदा अप्पांच्या शेजारी बसून निघाला आणि नदीवरच्या पुलाच्या जोडावर ट्रकने आपले गुण उधळले. अप्पांनी स्टिअरिंग गच्च धरून ट्रक कडेला घेतला खरा, पण मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अप्पा, मी याच पुलावरून याच ट्रकने गेलो होतो की नाही? काही झालं होतं?"

"तेव्हा मी स्टिअरिंगला नुकताच नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवला होता."

"शॉकचं राहू द्या. तुमच्या हातात गेला की थरथरतो, माझ्या हातात नाही. आता काय समजायचं माणसाने?"

काय समजायचं ते त्याने केव्हाच समजून घेतलं होतं. सकाळी चहा पिताना अप्पांची कपबशी किणकिणते, हे घरात सगळ्यांना ऐकू येत असे. फक्त त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि अप्पा अलीकडे बशी न घेताच चहा पीत.

घरी बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: रविवारी अप्पांनी ट्रकमधला दोष दाखवून द्यायचा. दाखवला तर किल्ली त्यांच्याकडे. नाही तर किल्ली मुलाकडे, आणि ट्रक गिऱ्हाईक मिळेल त्याला. मग बहिणीकडे कधी आणि कसं जायचं, हे मुलाच्या सवडीवर. मुलाला सवड कधी नसते, हे अप्पांना ठाऊक होतं.

तसे अप्पा हातावर हात ठेवून बसले नव्हते. पुढची चाकं त्यांनी बॅलन्स करून घेतली होती. स्टिअरिंगचा शॉक दोनदा बदलला होता. दर वेळी थोडे दिवस ट्रक शहाण्यासारखा वागे आणि मग पहिले पाढे पंचावन्न. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे जॉइंट हाताने चाचपून पाहिले. त्यांना पहिला सैल लागला, तो बदलला. मग दुसरा सैल लागला. असं करत सगळेच नवे झाले, तरी रोग जागच्या जागी. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला होता, "अप्पा, तुम्ही नवरी सोडून सगळं वऱ्हाड बदललंत." अप्पा हसले होते, पण रात्री त्यांना ते वाक्य आठवत राहिलं होतं.

रविवारी अंगणात ट्रक उभा केला. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. तपासायची रीत अप्पांनी समजावली. चाकं जमिनीवरच ठेवायची, इंजिन चालू ठेवायचं. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा दांड्याबरोबर न हलता मागे रेंगाळतो, तो गुन्हेगार.

मुलगा वर बसला. अप्पा पुठ्ठा पसरून खाली सरकले.

"हा गेलाय," खालून आवाज आला. थोड्या वेळाने, "हा पण गेलाय."

"तो तर गेल्या महिन्यात नवा बसवलात!"

"नवाच खराब लागला असेल. आजकाल मालाचा काय भरवसा?"

"आणि तिसरा?"

अप्पांनी तिसऱ्यावर बोटं टेकवली. "तोही सैलच वाटतोय."

"म्हणजे सगळंच सैल! मग ट्रक उभा कसा राहिलाय, पुण्याईवर?"

सूनबाई दारात उभी राहून हे ऐकत होती. ती दातांची डॉक्टर होती. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत वाकून तिची मान धरलेली असायची, त्यामुळे रविवारी तिला कुणी काही काम सांगत नसे. ती पदर खोचून पुठ्ठ्यापाशी आली.

"अप्पा, जरा सरका. मला बघू द्या."

"तू? कपडे तेलकट होतील."

"होऊ द्यात. हलणारा दात शोधायचाय ना? मग माझ्या धंद्यातलंच काम आहे."

"बघ बाई," वरून नवरा म्हणाला, "काही सापडलं तर उपटून टाक."

ती अप्पांच्या शेजारी पाठीवर आडवी झाली. खाली इंजिनाची धग होती आणि जुन्या ग्रीसचा वास. तिने नुसता हात ठेवला नाही. एक बोट सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे असं अलगद टेकवलं. "डोळ्याला कळत नाही, अप्पा. दोन्ही बोटं एकदम हलली की दात घट्ट. एक आधी आणि एक मागून, तर सैल."

अप्पांनी नवा असूनही नावं ठेवलेला तो जॉइंट तिने असा धरला. अप्पांनीही पाहायला म्हणून त्याच दांड्यावर, तिच्या हाताशेजारी हात ठेवला. तिचा हात जराही न थरथरता दांड्याबरोबर सरकत होता. त्याच दांड्यावर अप्पांची बोटं बारीक बारीक थरथरत होती, वाऱ्यावरच्या पानासारखी.

वर मुलाने स्टिअरिंग हलवायचं थांबवलं. "हात भरून आले माझे!" दांडा निश्चल झाला. अप्पांची बोटं थरथरतच राहिली.

सूनबाईने ते पाहिलं. अप्पांनी तिने पाहिलेलं पाहिलं.

"सूनबाई," अप्पांनी अगदी हळू विचारलं, "हा जॉइंट घट्ट आहे का?"

"घट्ट आहे, अप्पा."

"आणि तो पलीकडचा?"

तिने पलीकडचा पाहिला. "तोही."

आपण गच्च धरलं की हात थांबतो, अलगद ठेवला की नाही, हे अप्पांना एकदम उमगलं. स्टिअरिंग ते गच्चच धरत, म्हणून तिथे कधी जाणवलं नव्हतं. सांधे मात्र अलगद चाचपायचे असतात. आपण इतके दिवस आपलीच थरथर त्या बिचाऱ्या जॉइंटांच्या माथी मारत होतो.

"झोपलात का दोघं?" वरून हाक आली. "का मी नुसता वल्हं मारत बसू?"

"मार वल्हं!" सूनबाई ओरडली, आणि पुढे सरकली.

पुढच्या चाकांच्या अ‍ॅक्सलला ट्रकच्या सांगाड्याशी, म्हणजे चासीशी बांधणारा एक आडवा दांडा असतो. तो स्टिअरिंगचा भाग नव्हे, म्हणून अप्पांनी त्याचा बोल्ट आवळून त्याला सोडून दिलं होतं. सूनबाईने त्याच्या चासीकडच्या टोकाला बोटं लावली आणि थांबली. "अप्पा, हे बघा. याचं टोक आधी सरकतं, मग बाकीचं हलतं."

अप्पांनी टॉर्च मारला. इथे हाताची गरजच नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं, आणि आवळलेला बोल्ट त्यात प्रत्येक हिसक्याला इकडून तिकडे जात होता. खाचेत चाक आपटलं की अख्खा अ‍ॅक्सल तेवढाच बाजूला सरकत असणार, आणि चाकांना थरथर सुटत असणार.

"नवा शॉक हिसके जिरवायचा," अप्पा म्हणाले, "म्हणून थोडे दिवस बरं वाटायचं."

"दुखऱ्या दातावर लवंग ठेवावी तसं. ठणका थांबतो, कीड तिथेच."

दोघं बाहेर आली. मुलाने खाली वाकून स्वतः पाहिलं. माणूस सरळ होता. पाहिल्यावर त्याने हुज्जत घातली नाही.

"म्हणजे ट्रकच होता," तो म्हणाला. "चुकलं माझं, अप्पा. किल्ली तुमची. तुमच्या हातांना मी उगाच नावं ठेवली."

सूनबाई नळावर हात धूत होती. तिने मान वर केली नाही. बोलणार असती तर तेव्हाच बोलली असती. तिने ते अप्पांवर सोडलं होतं, आणि अप्पांना नेमकं तेच जड गेलं. गप्प बसलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. निदान त्या दिवशी तरी.

"उगाच नाही," अप्पा म्हणाले. "चांगले जॉइंट मी सैल म्हणून फेकून दिले. हातांचंही काहीतरी आहे."

"बघू की," मुलगा म्हणाला. "दाखवू कुणाला तरी."

मिस्त्रीने चासीला नवी जाड पट्टी वेल्ड केली, भोक पाडलं, नवा रबरी बुश आणि बोल्ट बसवला. "सापडली म्हणायची नवरी," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या फेरीला पुलावर मुलगा चालवत होता. मुद्दाम वेग घेऊन त्याने जोडावर चाक घातलं. दण्ण आवाज झाला आणि ट्रक नाकासमोर चालत राहिला. शेजारी अप्पांचे हात मांडीवर होते. ट्रक शांत होता, त्यामुळे हातांची थरथर स्पष्ट दिसत होती. अप्पा तिच्याकडे जरा कुतूहलानेच पाहत राहिले.

पूल ओलांडल्यावर मुलाने ट्रक कडेला घेतला आणि खाली उतरला. "या, बसा इकडे. इथून पुढे चढ आहे, तुमच्या आवडीचा."

अप्पा जागचे हलले नाहीत. "डॉक्टर पाहू देत आधी. ते हो म्हणाले तर मी. तोवर दर आठवड्याला तू."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला. आत्याला वर पीठ लागतं, आणि भांडायला मी लागतो."

मुलाने पुन्हा चढून दार लावून घेतलं.

"आणि हे बघ," अप्पा म्हणाले, "वळणाच्या आधीच दुसऱ्यात टाक. वळणात गेल्यावर गियर शोधत बसलास तर आत्याकडे आपण उद्या पोचू."