लाइन सोडल्यावर

ओटीवर रोझमेरी मावशी बाकाच्या अगदी कडेला टेकल्या होत्या, कोणत्याही क्षणी उठावं लागेल अशा. पण दोन तास झाले तरी त्या उठल्या नव्हत्या. चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून थेट आमच्याकडे आलेल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. समोर आई सुपात जाईच्या कळ्या निवडत होती. तिची बोटं इतकी सावकाश एरवी कधी चालत नसत. आतल्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली, टेलिफोन होता. दोघींचे कान त्याच्याकडे होते आणि नजरा मुद्दाम दुसरीकडे.

माडीच्या कठड्यावरून मी हे बघत होते. तो का वाजत नाही, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

दोन हजार एकचा मार्च होता. भुईगावातल्या आमच्या गल्लीत तेव्हा टेलिफोन एकच, आमचा. आई अठ्ठावीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती, त्यामुळे तो घरात लवकर आला आणि आल्या दिवसापासून घराचा राहिला नाही. गल्लीतली लग्नं, बाळंतपणं, नोकरीची बोलावणी त्याच काळ्या यंत्रातून उतरली. मावशींचा एकुलता मुलगा प्लासिड मालवाहू बोटीवर होता. त्याच्या डायरीत आमचा नंबर होता आणि त्यापुढे दोन अक्षरं, पीपी, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. रविवारी दहा ते बाराच्या दरम्यान डर्बनहून फोन करतो, असं त्याने पत्रात कळवलं होतं. त्याच दिवशी बोट सुटणार होती आणि पुढचे चाळीस दिवस तिला किनारा नव्हता.

त्याच टेलिफोनची एक तार जिन्याने वर माझ्या खोलीत आली होती. तिच्या टोकाला मॉडेम आणि मॉडेमला माझा संगणक. शनिवारी संध्याकाळी सातला, ‘अर्धा तास लागेल’ असं आईला सांगून, मी पुण्यातल्या एका संस्थेच्या लिनक्स यंत्राशी जोडणी केली होती. त्या अर्ध्या तासाचे आता सतरा तास झाले होते.

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. फक्त खरं मोठं होतं. मंगळवारी पंचायतीत जितेश नाईकचा अर्ज चर्चेला निघणार होता. जितेशचे पाण्याचे टँकर बोळिंजच्या नव्या इमारतींना जायचे आणि त्यासाठी गावाच्या पश्चिम अंगाला त्याला खोल बोअर मारायचं होतं. पाणी जाईल, खार चढेल, असं म्हातारी माणसं म्हणत होती. पण म्हणण्याला पंचायतीच्या टेबलावर वजन नसतं. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली. आईने आणि मी तीन वर्षं चौसष्ट विहिरींचं पाणी दर महिन्याला बाटल्यांत भरलं होतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीठ मोजलं होतं. आता एकच प्रश्न उरला होता: हे बोअर झालं तर कोणती विहीर किती दिवसांत मचूळ होईल? पाऊस कमी धरून, जास्त धरून, उपसा बदलून, तेच गणित दहा हजार वेळा करायचं होतं. माझ्या संगणकाला त्यासाठी दोन महिने लागले असते. पुण्याच्या यंत्राला तेवीस तास. माझ्या सरांनी त्याची दारं माझ्यासाठी उघडून दिली होती.

मी खोलीत परतले. पडद्यावर आकडा सरकत होता. सात हजार तीनशे नव्वद. अजून सहा तास.

आणि मध्ये तार सुटली, तर सगळं संपणार होतं. माझ्या हातातली जोडणी तुटली की ते यंत्र समजतं की माणूस गेला; आणि माणसाने सुरू केलेलं काम त्याच्यामागे आवरून टाकतं. पहिल्या आठवड्यात वीज गेली तेव्हा हा अनुभव मी घेतला होता. तेव्हापासून मी तारेजवळ आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसत होते.

खाली सूप ठेवल्याचा आवाज झाला. मग रुमाल उचलल्याचा. आईने रिसीव्हर कानाला लावला असणार. क्षणभरच, आणि इतक्या अलगद ठेवला की जोडणीला धक्काही लागला नाही. तारेतली ती खरखर तिला ओळखू येणार नाही असं होणं शक्य नव्हतं.

ती जिना चढून आली आणि दारातच उभी राहिली. मावशींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “लाइन आपल्याकडून एंगेज आहे.”

“हो.”

“कधीपासून?”

“काल सातपासून.”

आई ओरडत नाही. बोर्डावर बसलेल्या बाया आवाज चढवत नसत, असं ती सांगते. “सोड,” ती म्हणाली.

“आई, सहा तास राहिलेत. सोडली तर सतरा तास मातीत जातील. मंगळवारी मी तिथे काय वाचू?”

“काम कोण करतंय? तू की ते पुण्याचं यंत्र?”

“यंत्र.”

“मग तू कशाला तार धरून बसलीस?”

मी तिला समजावू लागले. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, खात्यातलं काहीतरी उतरलं होतं. “लते, सत्तर साली कानपूरला ट्रंक लावायचा तर सहा-सहा तास लागायचे. नंबर बुक करणारा माणूस सहा तास रिसीव्हर कानाला लावून उभा राहायचा का? तो फोन ठेवून घरी जायचा, जेवायचा, झोपायचा. कॉल माझ्या हातात असायचा. सुरत देत नाही तर भोपाळवरून घे, भोपाळ देत नाही तर थांब, पुन्हा लाव. लागला की मी त्याला परत बोलवायची. तुमच्या त्या यंत्रात मधे कुणी बसलेलं नाही?”

“तसं काही नसतं, आई.”

“विचारलंस?”



नव्हतं विचारलं. संस्थेत त्या यंत्राची देखभाल धवल करायचा. माझ्याच वयाचा, सरांचा दुसरा विद्यार्थी. एका ओळीचं पत्र टाकलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण मला सगळं येतं, या समजुतीवर मला तिथे प्रवेश मिळाला होता आणि ती समजूत मी काचेच्या भांड्यासारखी जपत होते. सतरा तासांचा तो सगळा पहारा, आता कळत होतं, त्या भांड्याचा होता.

“चौसष्ट विहिरींत रोझमेरीचीही विहीर आहे,” आई म्हणाली. “तिच्या पाण्यासाठी तिच्याच पोराचा आवाज अडवणार?”

सात हजार चारशे बारा. मी मॉडेमची तार ओढली. हिरवे दिवे एकेक करून विझले आणि तो आकडा पडद्यावर तसाच राहिला, हाक मारताना अर्ध्यात थांबलेल्या तोंडासारखा.

चार मिनिटांनी टेलिफोन वाजला.

मावशी धावल्या नाहीत. उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. त्यांचं बोलणं मला अर्धवट ऐकू येत होतं: जेवतोस का, थंडी आहे का, दाढी काढ मेल्या, फोटोत ओळखू येत नाहीस. तीन-चार मिनिटं. मग त्या ओटीवर आल्या तेव्हा डोळे ओले होते आणि तोंड सुटलं होतं.

“द्वारकाबाय, दोन तास लावत होता गं! एंगेज, एंगेज. तिकडचं टेलिफोन खातं अगदीच भिकार दिसतंय.”

आई तोवर खाली पोचली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जिना उतरून खाली आले.

“मावशी, तिकडचं खातं नव्हे. मी लाइन अडवून ठेवली होती. काल संध्याकाळपासून.”

मावशी पर्स काखेत मारत म्हणाल्या, “आणि सोडलीस कधी?”

“आत्ता.”

“मग अर्धी शिक्षा माफ. उरलेली अर्धी म्हणून माझ्या अंगणात येऊन जेव. मासळी आहे, तुला चालायची नाही, भात-वरण करते.” आणि फाटकातून वळून, “पन विहिरीचं सोडू नको हां!”

दुपारी एकला मी पुण्याला फोन लावला. धवल रविवारीही संस्थेतच होता.

“तू स्क्रीन न लावता चालवत होतीस?” त्याच्या आवाजात खराखुरा धक्का होता. “तेवीस तासांचं काम? नुसतं? अगं, तू माणूस आहेस की खांब?”

“हसून झालं की सांग.”

“अजून थोडं बाकी आहे. थांब.” मग त्याने सांगितलं. स्क्रीन नावाचा एक प्रोग्राम त्या यंत्रातच असतो. आधी तो सुरू करायचा, मग त्याच्या आत आपलं काम. कंट्रोल आणि ए दाबायचं, मग डी. आपण बाहेर, काम आत. तार काढा, संगणक बंद करा, वीज जाऊ दे. परत आलं की स्क्रीन, डॅश आर. जिथे सोडलं तिथे नाही. ते जिथवर पोचलं असेल तिथे.

“हे एवढंच?”

“एवढंच. पहिल्या दिवशी विचारलं असतंस तरी एवढंच.”

दोनला मी आईला वर बोलावलं. नव्याने जोडणी केली. स्क्रीन लिहिलं, त्यात माझा प्रोग्राम सुरू केला. आकडा एकपासून निघाला. एक, दोन, तीन. मी कंट्रोल-ए दाबलं, मग डी. पडद्यावरून आकडे नाहीसे झाले आणि एक लहानशी ओळ आली: सुटलं आहे. माझा हात मॉडेमच्या तारेवर गेला आणि तिथेच थांबला. जे हातात धरूनच जपायचं असं आजवर शिकले होते, ते सोडून जपायचं होतं.

“काढ,” आई म्हणाली. “मला सवय आहे. पहिल्यांदा सगळेच घाबरतात. फोन ठेवला की आपला कॉल कुणी विसरेल असं वाटतं.”

मी तार काढली.

ती दुपार मी वाडीत काढली. पानवेलींना पाणी सोडलं, बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठावर पडलेल्या झावळ्या गोळा केल्या, मावशींच्या अंगणात पाटावर बसून जेवले. सोनचाफ्याखालून जाताना मनात येत होतं, की या क्षणी, दीडशे-दोनशे किलोमीटरवर, एका बंद खोलीत माझी चौसष्ट विहिरींची ओंजळ कुणीतरी भरतं आहे, रिकामी करतं आहे, पुन्हा भरतं आहे. आणि त्याला माझी गरज नाही. एरवी या विचाराने मी खिन्न झाले असते. त्या दिवशी मात्र ऊर भरून आला. आपण लावलेलं काहीतरी आपल्याविना चालतं, याहून मोठा मान माणसाला कोणता मिळू शकतो, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी सहाला, गल्लीतल्या कुणाला फोन यायचा नाही याची खात्री करून, मी तार लावली. स्क्रीन, डॅश आर. पडदा क्षणभर काळा राहिला.

एक हजार सातशे चाळीस. आणि माझ्या डोळ्यांदेखत एक हजार सातशे एकेचाळीस.

आई खुर्चीच्या मागे उभी होती. चष्मा नाकावर सरकवून तिने ते आकडे पाहिले, आपल्याच बोर्डावर नव्याने आलेली मुलगी काम कसं करते हे पाहावं तसे. “चांगली आहे,” ती म्हणाली. “आपल्या खात्यात शोभली असती.”

सोमवारी दुपारी एकला गणित पुरं झालं. मंगळवारी पंचायतीत मी वीस मिनिटं बोलले. बोअर झालं तर चौसष्टपैकी एकेचाळीस विहिरी चार वर्षांत मचूळ होतील. दहा हजार वेळा गणित मांडलं, त्यात नऊ हजारांहून जास्त वेळा हेच आलं. मागच्या बाकावर आई आणि रोझमेरी मावशी शेजारीशेजारी, दोघींनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या.

जितेश उठला. वाईट माणूस नव्हता तो. गावच्या वर्गणीला पहिला हात त्याचाच असायचा. “लतिका, पुण्याचं यंत्र पुण्याचं पाणी पितं,” तो म्हणाला तसे लोक हसले. “आणि रविवारी तर तू वाडीत झावळ्या गोळा करताना मला दिसलीस. यंत्रापाशी कुणीच नव्हतं, मग हे आकडे काढले कुणी?”

“मी नव्हते, हेच त्याचं बळ आहे, जितेशदादा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच उंच वाटला. “मोजमापं मी घातली, ती या वहीत सगळ्यांना बघायला आहेत. पुढे मला आवडेल ते उत्तर यावं म्हणून मधे हात घालायला तिथे कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते.”

मागून मावशींचा आवाज आला, “बरोब्बर!”

“मग पहिली कोणती विहीर जाणार तेही सांगितलं असेल त्याने,” जितेश हसत म्हणाला.

मी कागद उलटला. हे वाचायचं की नाही, हे सकाळपासून ठरत नव्हतं. “एकतीस नंबरची. चौदा महिन्यांत.” मग कागद त्याच्या हातात दिला. “तुमच्या आईच्या परसातली.”

जितेशने तो आकडा वाचला, बाजूला लिहिलेलं आपल्या आईचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. सरपंचांनी घसा साफ केला.

“जितेश, अर्जाचं काय करायचं? ठेवायचा की मागे घेतोस?”

त्याने कागदाची नीट चौकोनी घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि आईच्या घराच्या दिशेने चालू लागला.