खरवडलेली पिसं

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. त्या दिवशी बाबांनी टेबलफॅनची जाळी उघडून तिच्या एकेका तारेवरची धूळ जुन्या टूथब्रशने काढली. पंखा पुन्हा जोडला तेव्हा तो आधीपेक्षा जास्त खडखडायला लागला.

"बघ, कसा चकचकीत झालाय," बाबा म्हणाले.

"वारा लागत नाहीये," आई म्हणाली.

"वारा कोणाला दिसतो? जाळी दिसते."

पस्तीस वर्षं वस्तुसंग्रहालयात काढली की माणूस असं बोलायला लागतो. बाबा तिथे दगडातले जीवाश्म साफ करायचे. एका डोळ्याला भिंग, हातात लाकडी मुठीची सुई आणि समोर दगड. बाहेर सरकारं आली नि गेली, बाबांची मान काही वर झाली नाही. संग्रहालयात सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी घरातली एकही वस्तू त्यांच्या सुईतून सुटत नव्हती.

चहाचा कप घेऊन ते मुलीसमोर येऊन बसले. मुलगी एकेचाळीस वर्षांची, त्याच संग्रहालयात फलक लिहिणारी. काचेच्या कपाटाखाली ज्या पाट्या असतात आणि ज्या कोणी वाचत नाही, त्या ती लिहायची. साठ शब्दांची मर्यादा, आणि कोणाच्याही भावना दुखवायच्या नाहीत, अगदी नामशेष झालेल्यांच्यासुद्धा.

"काय गं, कळलं का काही?"

"समितीपुढे आहे, बाबा."

"बसलीय का समिती?"

"बसेल आता."

"आठ महिने झाले. अंड्यांवर बसली असती तर एव्हाना पिल्लं चालायला लागली असती."

"अहो, तिला घोटभर चहा तरी पिऊ द्या," आई म्हणाली. "सकाळी सकाळी काय उलटतपासणी लावलीय!"

"तो दगड बारा कोटी वर्षं थांबलाय, त्याला घाई नाही. मला आहे, म्हणून विचारतो."

तिने चहा संपवला, चपला घातल्या आणि निघाली. बाबांनी मागून छत्रीबद्दल काहीतरी सांगितलं, ते तिला नीट ऐकू आलं नाही. आणि नीट ऐकू आलं नाही म्हणून तिने परत विचारलंही नाही.

अर्ज समितीपुढे नव्हताच. तो तिच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात होता आणि गेले आठ महिने तिथेच होता.

त्याची हकीकत अशी. संग्रहालयाचा सगळा मान एका लहानशा डायनासोरवर उभा होता. कोंबडीएवढा, दोन पायांचा, लांब शेपटीचा. राखाडी दगडाच्या पाटीवर त्याचं एकेक हाड अक्षरासारखं उठून दिसायचं. ही पाटी बाबांनी तरुणपणी अकरा महिने खपून साफ केली होती. हाडांभोवती काळपट, काजळीसारखी एक झालर होती, ती त्यांनी भिंगाखाली कणाकणाने खरवडून काढली होती. तेव्हाची शिकवणच तशी होती: हाड तेवढं खरं, बाकीचा कचरा. त्या कामासाठी त्यांना संग्रहालयाने 'उत्कृष्ट स्वच्छता' असं प्रशस्तिपत्रक दिलं होतं. ते बैठकीच्या खोलीत टांगलेलं होतं आणि त्याची काच दर रविवारी पुसली जायची.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि बाबा संग्रहालयाच्या वाचनालयात बसून आयुष्यात पहिल्यांदा हाडांविषयी वाचू लागले. वाचता वाचता एके दिवशी त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या जीवाश्मांची छायाचित्रं दिसली. हाडांभोवती काळपट झालर. खाली लिहिलं होतं की ती झालर म्हणजे पिसं. काही डायनासोरांच्या अंगावर पिसं होती, आणि तळ्याच्या तळाशी बसलेल्या बारीक गाळात त्यांच्या खुणा टिकून राहिल्या होत्या.

बाबा वाचनालयातून उठले ते थेट तळघरातल्या कोठारात गेले. असा दगड फोडला की उघडलेल्या पुस्तकासारखी त्याची दोन पानं होतात; हाडं एका पानाला चिकटतात, दुसऱ्यावर त्यांचा ठसा उमटतो. हाडांचं पान बाबांनी साफ केलं होतं. ठशाचं पान कोणालाच नको होतं. ते 'इतर' असं लिहिलेल्या फळीवर, मोडक्या वजनकाट्याच्या मागे पडलं होतं.

"मी बॅटरी धरली होती, ताई," पहारेकऱ्याने नंतर तिला सांगितलं. "उस्तादांनी फुंकर मारली, भिंग लावलं आणि मटकन खालीच बसले. मी म्हटलं, चक्कर आली का? तर म्हणतात, नाही रे, मी याला सोलला."

त्या पानावर झालर होती. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत, केसासारख्या बारीक रेघांची.

त्याच आठवड्यात बाबांनी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'मी खाली सही करणारा, निवृत्त कर्मचारी, असे कळवतो की सदर प्राण्याची पिसे मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि बक्षीस मिळेपर्यंत खरवडून काढली. तरी दुसरी पाटी पहिलीशेजारी मांडावी आणि फलकावर ही चूक माझ्या नावानिशी नोंदवावी.' अर्ज मुलीच्या हातात दिला, कारण फलक तीच लिहायची.

ती अर्ज घेऊन संचालकांच्या दारापर्यंत गेली होती. आत वेगळीच चर्चा चालू होती. कोणत्याशा शाळेच्या शिक्षिकेने पत्र पाठवून विचारलं होतं की आता डायनासोरांना पिसं असल्याचं सांगतात, मग तुमच्या फाटकावरचा पुतळा अजून खवल्यांचा कसा?

"पिसं लावली तर तो कोंबडीसारखा दिसेल," संचालक म्हणत होते. "कोंबडी बघायला कोण येईल? शिवाय आपल्या शिक्क्यावर खवले आहेत. शिक्का बदलायचा तर तसं पत्र काढावं लागेल. आणि त्या पत्रावर शिक्का कोणता मारायचा?"

"तत्त्वतः तुमचं बरोबर आहे," समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले. त्यांना सगळे 'तत्त्वतः सर' म्हणत. "पण तत्त्वतः पिसांचंही बरोबर आहे."

शेवटी असं ठरलं की पुतळ्याच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथून कोणी फोटो काढत नाही, तिथे प्रायोगिक तत्त्वावर वीतभर पिसं रंगवावीत. विज्ञानही सांभाळलं गेलं आणि फाटकही. दगडाच्या पाटीखालच्या फलकाला मात्र हात लागला नाही. त्यावर नऊ वर्षांपूर्वी तिनेच लिहिलेलं वाक्य होतं: 'या प्राण्याचे अंग खवल्यांनी आच्छादलेले होते.'

ती दारातूनच परतली. तिने स्वतःला समजावलं की हे बाबांसाठी आहे. हे लोक त्यांना हसतील. 'उस्ताद' म्हणणारी तोंडं उद्या 'कोंबडी सोलणारा' म्हणतील. हे कारण खरं होतं. त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, तेही खरं होतं: फलकावर चूक नोंदवायची तर ती बाबांच्या एकट्याच्या नावावर नोंदवता येणार नव्हती. तिने खूप वाचलेलं होतं. झालरीबद्दलची ती छायाचित्रं तिने बाबांच्याही चार वर्षं आधी पाहिली होती आणि पान उलटलं होतं.

मग अर्ज खणात गेला. आज देऊ, उद्या देऊ करता करता आठ महिने गेले.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला. आई म्हणाली, "लवकर ये." मग थोडं थांबून म्हणाली, "आता लवकर नाही आलीस तरी चालेल, पण ये." बाबा खुर्चीत बसले होते. चष्मा पुसायचं फडकं हातात होतं. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना काही कळलंही नसेल. लोक हे धीर देण्यासाठी सांगतात. ज्याला भिंगाखाली केसाएवढी चीर कळायची त्याला स्वतःचं काही कळलं नसेल, यावर तिचा विश्वास बसला नाही.

पंधरा दिवसांनी ती कामावर गेली, तर टेबलावर चिठ्ठी: संचालकांनी बोलावलंय.

"फार मोठा माणूस गेला," संचालक म्हणाले आणि त्यांनी तेवढ्यापुरता फोन उलटा ठेवला. "आम्ही ठरवलंय की डायनासोरच्या दालनाला त्यांचं नाव द्यायचं. छोटा कार्यक्रम करू. आईंना घेऊन या. आणि फलकाचा मजकूर तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

"किती शब्द?"

"साठ. म्हणजे, भावनिक प्रसंग आहे. पासष्ट करा."

तिने पासष्ट शब्द लिहिले. जन्मवर्ष, कामाची वर्षं, सुई, भिंग. संचालकांनी शेवटी एक वाक्य स्वतः घातलं: 'ज्यांनी या पाषाणावर एकही डाग राहू दिला नाही.' तत्त्वतः सरांनी 'एकही' ऐवजी 'सहसा एकही' सुचवलं, पण ते तत्त्वतः मान्य होऊन वगळलं गेलं.

ते वाक्य तिने टंकलेखनाला पाठवलं. स्वतःच्या हाताने. स्वल्पविरामसुद्धा नीट करून.

कार्यक्रमाला तीस-पस्तीस माणसं होती. पहारेकऱ्याने गणवेशाला इस्त्री केली होती. आई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स धरून बसली होती. काचेच्या कपाटात तो स्वच्छ दगड होता. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो तिला नागडा वाटला.

संचालक बोलले. स्वच्छता हा गुण नसून संस्कार आहे, असं म्हणाले. उस्तादांच्या सुईने इतिहासावरची धूळ झटकली, असंही म्हणाले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी वाकून, मोठ्या अदबीने आईला विचारलं, "आपण दोन शब्द बोलणार का?"

आई उभी राहिली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मला भाषण जमत नाही. एकच विचारायचं होतं. ह्यांनी एक अर्ज दिला होता. शेवटपर्यंत विचारत होते. त्याचं काय झालं?"

दालनात कोणीतरी खोकलं.

संचालकांनी तो अर्ज जन्मात पाहिला नव्हता. पण वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला अर्ज पाहावा लागत नाही. "हो हो, तो अर्ज!" ते म्हणाले. "समितीपुढे आहे. अगदी सहानुभूतीने विचार चालू आहे."

"तत्त्वतः मंजूरच झालाय," तत्त्वतः सर म्हणाले. "फक्त औपचारिकता बाकी आहे."

"कागद माझ्या हातून गेलाय," कार्यालयाचे प्रमुख कारकून मागच्या रांगेतून म्हणाले. "नोंद आहे त्याची."

आईचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," ती म्हणाली. "त्यांना वाटत होतं, कोणी वाचलाच नाही."

सुटका अशी समोर येऊन उभी राहिली होती. मुलीला काहीच करायचं नव्हतं. तीन माणसांनी मिळून तिचं खोटं इतक्या सफाईने आपल्या अंगावर घेतलं होतं की ते आता तिचं उरलंच नव्हतं. संध्याकाळी तो कागद फाडला असता तरी नोंदवहीत तो मंजूर राहिला असता. नव्या फलकावरचा पडदा ओढायची दोरी संचालकांनी हातात घेतली होती. आई पर्समधून रुमाल काढत होती.

"ओढू नका," मुलगी म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. फलक लिहिणाऱ्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय नसते. पण दोरी थांबली.

"अहो, प्रसंग काय—" संचालक कुजबुजले.

"आई, हे खोटं बोलतायत. आणि ते यांना माझ्यामुळे बोलता येतंय." ती आईकडे बघत होती. बाबांकडे बघून बोलायचं ते आता असंच बोलावं लागणार होतं. "अर्ज समितीपुढे कधी गेलाच नाही. तो माझ्या खणात आहे. रोज सकाळी बाबा विचारायचे आणि रोज मी सांगायचे, समितीपुढे आहे. त्या दगडावर डाग नव्हते, पिसं होती. ती बाबांनी काढली, त्यांना कळलं तेव्हा त्यांनी लिहून दिलं, आणि सही केली. मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. मी गप्प बसले. बाबा, तुमचा अर्ज मी वाचला होता. पहिल्याच दिवशी, दोनदा."