मालनबाईच्या लेकाची जागा

संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर भिल्लांची एक वस्ती आहे. मालनबाई तिथलीच. नदीत जाळं टाकायचं, मिळतील ते मासे बाजारात विकायचे, यात तिचा जन्म गेला. तिचा एकुलता एक लेक भिमाजी भरल्या तारुण्यात काविळीनं गेला. गावच्या स्मशानात भिल्लांना थारा नव्हता आणि वस्तीची स्वतःची जमीन नव्हती. सगळ्यांना पुरायचे तसं त्यालाही काठच्या वाळूत पुरलं.

पुढच्या उन्हाळ्यात वाळूचोरांचं जेसीबी तिथवर आलं. मालनबाई सकाळी गेली तर तिथं नुसता गढूळ पाण्याचा खड्डा. ती त्यात उतरून हातानं चाचपत राहिली. बायांनी धरून बाहेर काढली. त्यानंतर बाजाराला गेली, की कुठल्याही नव्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगापाशी ती घुटमळायची.

भिल्ल वस्त्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेची सत्यशीला तिथं बायांची बैठक घ्यायची. दफनभूमी मागायचा वस्तीला हक्क आहे, पण ती ग्रामसभेत वस्तीनंच मागायला हवी, असं तिनं सांगितलं. मालनबाई म्हणाली, ताई, तुमीच बोला.

"मी बोलले तर माझं ऐकतील, मावशी. उद्या मी नसले तर तुमचं कोण ऐकेल?"

ग्रामसभेत कुणीतरी विचारलंच, की इतकी वर्षं नदीकाठ चालला, आता काय झालं? मालनबाई उठली. पदर घट्ट धरून म्हणाली, "माझं पोरगं पुरलं हुतं. ते वाळूसंगं उचलून नेलं. आता मी कुठं जाऊन रडू, तेवढं सांगा."

ठराव झाला. तरी कचेऱ्यांच्या खेपा संपेनात. सत्यशीला सोबत जायची, पण साहेबासमोर मालनबाईलाच धाडायची. अखेर गायरानातला खडकाळ तुकडा मिळाला. बायांनीच त्यातली काटेरी झुडपं तोडली.

तिथं पहिला गेला तो वस्तीतला म्हातारा कारभारी. माती सारखी झाल्यावर सत्यशीला हळूच म्हणाली, की कोपऱ्यात भिमाजीच्याही नावानं एक दगड ठेवू. सगळ्यांना पटलं. मालनबाईनं दगड उचलून आणला, ठेवला, त्याच्यापुढं बसली. मग तिनं तो पुन्हा उचलला.

"हितं तो न्हाई, ताई," ती म्हणाली. "उगं कशाला फसवू सोताला?"

सत्यशीलाला रडू आवरेना. मालनबाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता मालनबाई संस्थेबरोबर दुसऱ्या वस्त्यांवरही जाते. कुठं काय मागायचं, कुणापुढं कसं उभं राहायचं, ते बायांना समजावते. भिमाजीचं मात्र सांगत नाही. घरी आली की जाळं खांद्यावर टाकते आणि काठच्या त्या अंगाला न जाता, लांबच्या वाटेनं वरच्या डोहाकडं जाते.