तंबूबाहेरची शेगडी

मित्रांनो, दुकानात मला बार्बेक्यू म्हणत. अण्णा मात्र पहिल्या दिवसापासून शेगडीच म्हणतात, आणि मलाही तेच नाव आपले वाटते. आता मी जुनी झाले आहे. झाकणाचा काळा रंग उडाला आहे आणि एका पायाला तार गुंडाळलेली आहे. ती तार कशी आली, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म बोईसरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. धीरज नावाच्या कारागिराने जाड पत्रा वाकवून माझे पोट घडवले. हवेसाठी भोके पाडली, ती झाकायला सरकती पट्टी लावली, खाली राखेचा कप्पा बसवला आणि दुमडता येणारे तीन पाय जोडले. मग मला उचलून बघत तो शेजारच्याला म्हणाला, "एक हाथ से उठनी चाहिए." त्याला पसंत पडले आणि मी पालघरच्या एका दुकानात येऊन बसले.

तिथे एके दिवशी चिंचणीचे एक कुटुंब आले. मितेश, त्याची बायको हेमांगी आणि मितेशचे वडील, अण्णा. अण्णांची चिकूची बाग होती. त्यांची बायको मंदाबाई वारल्यापासून ते बागेतही फिरकत नसत. ओटीवरच्या खुर्चीत बसून राहत, विचारले तर उत्तर देत, नाहीतर गप्प. त्यांना उघड्यावर, डोंगराकडे घेऊन जायचे, तंबू ठोकून राहायचे, असे हेमांगीने ठरवले होते. त्यासाठी त्यांना शेगडी हवी होती.

मितेशला चाकांची मोठी, चकचकीत शेगडी आवडली. दुकानदार विपुलने तिचे गुण गायले. पण तंबू आणि अंथरुणे ठेवल्यावर ती गाडीत कुठे बसणार, असे हेमांगीने विचारले. मग एक स्वस्त शेगडी पुढे आली. अण्णांनी अंगठा दाबला तसा तिच्या पत्र्याला पोचा पडला. शेवटी मला खाली काढले. हेमांगीने माझे पाय उघडून जमिनीवर हलवून पाहिले, राखेचा कप्पा ओढला, पट्टी सरकवली. गवताला चटका बसणार नाही एवढी मी उंच होते, आणि वाऱ्याने कलंडणार नाही एवढी जड. अण्णांनी मला एका हाताने उचलले.

"हीच घ्या," ते म्हणाले. "ही माज्यानं उचलते."

कितीतरी महिन्यांनी ते कोणी न विचारता बोलले होते. मितेशने पुढे काही पाहिले नाही.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी चिंधूचे शेत होते. भात कापून झाले की तो त्यांना बांधाशेजारी तंबू ठोकू देई. कोळसा पेटवायचा मान अण्णांचा. ते रताळी भाजत, वांगी भाजत, मसाला लावलेले बोंबील जाळीवर उलटत. चिंधूची बायको चिमी पानावर घेऊन खाई आणि चव चांगली हाय म्हणे. खाताखाता अण्णा मंदाबाईंच्या आठवणी सांगू लागले. मितेश निखाऱ्यांकडे बघत ऐकत राही.

एका वर्षी मात्र सगळे ऑक्टोबरातच शेतावर गेले. दुपारी जेवण चालू असताना परतीच्या पावसाची जोरदार सर आली. अण्णा चिंब भिजले. मितेशने त्यांना तंबूत नेले, कोरडे कपडे दिले, तरी त्यांचे दात वाजायचे थांबेनात. तेव्हा त्याने मला झाकण लावून, फडक्याने धरून निखाऱ्यांसकट आत आणले, त्यांच्या पायांशी ठेवले आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तंबूची चेन खालपर्यंत लावली. मग तो आणि हेमांगी सामान गाडीत टाकायला धावले.

मित्रांनो, माझ्या निखाऱ्यांतून धूर येत नव्हता. अण्णांनी पाय जवळ घेतले आणि त्यांना बरे वाटले. थोड्या वेळाने त्यांनी कपाळ दाबून धरले. मग हात खाली पडला. मला हाक मारता येत नव्हती.

हेमांगीने बाहेरून चहाचे विचारले. उत्तर आले नाही. तिने चेन उघडली, मला उघड्या हातांनी धरून बाहेर भिरकावले आणि अण्णांना ओढत पावसात आणले. तिचे दोन्ही तळवे भाजले. माझा पाय दगडावर आपटून तुटला. चिंधू आणि मितेशने अण्णांना उचलून गाडीपर्यंत नेले. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, बंद जागेत तो माणसाला झोपेतच संपवतो, असे पालघरच्या डॉक्टरांनी सांगितले. अण्णा वाचले.

मला मितेशने बागेतल्या पंपाच्या खोलीमागे फेकून दिले. माझ्यात पाणी साचले, गंज चढला. पण त्याहून वाईट घरात घडत होते. मितेश वडिलांसमोर बसेना. जेवायलाही उशिरा येई. अण्णा पुन्हा खुर्चीत गप्प झाले.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी अण्णा काठी टेकत बागेत आले. त्यांनी मला उचलले. नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासले, तेलाचा हात फिरवला, तुटक्या पायाला तार गुंडाळली. मग अंगणात माझ्यात कोळसा रचून त्यांनी मितेशला बोलावले आणि काड्यापेटी पुढे केली.

मितेश मागे सरकला. "अण्णा, माज्यानं नाय पेटवायची ही. मीच तुमाला मारलं असतं."

"तू ऊब द्यायला गेलेलास," अण्णा म्हणाले. "कशी द्यायची ते तुला म्हाईत नव्हतं, मला पन नव्हतं. आता म्हाईत हाय. माजी बायको गेली, मितेश. त्यात मुलगा पन असा दूर बसला तर मी कोनाशी बोलू?"

मितेशने काडी ओढली. पहिल्या दोन विझल्या. हेमांगी दारात उभी होती. तिसरी धरली. मितेशचे डोळे भरून आले होते, आणि कोळशाला अजून धूरही सुटला नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारखी शेगडी घ्याल तेव्हा चकाकी बघू नका. पत्रा दाबून बघा, पाय हलवून बघा. मला उघड्यावर पेटवा. तंबूत, गाडीत, बंद खोलीत मला कधीही नेऊ नका, निखारा विझला असे वाटले तरी नेऊ नका. काम झाले की पाणी शिंपडून पूर्ण गार करा, राख काढा, कोरडी ठेवा.

आम्ही आता पुन्हा चिंधूच्या शेतावर जातो. मी तंबूपासून लांब, बांधावर असते. पहाटे माझ्या झाकणावर दव साचते आणि तंबूतून बापलेकांचे घोरणे ऐकू येते.