काचेच्या वाटीतलं पाणी

आईला अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी घरच्या वखारीची पिकअप धाकटा मुलगा चालवत होता. थोरला स्वतःची गाडी घेऊन कामासाठी बाहेरगावी गेलेला. बाबांनी आईला धरून पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः तिला टेकू देऊन बसले. दवाखाना दोन चौकांवर राहिला असताना चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. धाकटा किल्ली फिरवत राहिला, शेवटी बॅटरीही उतरली. मागच्या गाड्या भोंगे वाजवत बाजूने निघून जात होत्या. एका टेम्पोवाल्याने आईला घेतलं तोवर पाऊण तास गेला होता.

"लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

ते कदाचित सगळ्यांनाच असं म्हणत असतील. पण बाबांनी धाकट्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. संध्याकाळी बहीण आली. दवाखान्याच्या जिन्यात तिने त्याला गाठलं. "गाडी नीट ठेवायला काय झालं होतं रे तुला?" एवढंच विचारून ती आत गेली.

आई वाचली. उजवा हात आणि बोलणं मात्र गेलं.

गाडीचं हे दुसऱ्यांदा झालं होतं. आठ महिने आधी तिचे इंजिनात डिझेल सोडणारे इंजेक्टर गेले होते, डिझेलचा पंपही बदलावा लागला होता. त्या वेळी थोरला वखारीत सगळ्या कामगारांसमोर म्हणाला होता, "याचा पाय जड आहे, ॲक्सिलरेटर दाबतच राहतो. शिवाय बाहेर कुठेतरी भलतंच डिझेल भरत असणार." धाकट्याने दोनदा सांगितलं की मी वखारीतल्या आपल्या टाकीशिवाय कुठे भरत नाही. पण लाकडाच्या त्या वखारीत दोन जुने ट्रकही होते, तेही त्याच टाकीतलं डिझेल पिऊन वर्षानुवर्षं धावत होते. ट्रकांना काही होत नाही, पिकअपलाच होतं, म्हणजे दोष चालवणाऱ्याचा. धाकटा यावर उत्तर शोधत राहिला. आईच्या झटक्यानंतर मात्र त्याने उत्तर शोधणंच सोडून दिलं.

दीड वर्षं तो रोज सकाळी कामाला जाण्याआधी आईला भरवत होता. घास गालात अडकला की बोटाने हलकेच काढायचा, तोंड पुसायचा. बायको म्हणायची, "मी भरवते ना, तुम्ही जा." तो ऐकायचा नाही. हे आपल्यामुळे झालंय, असं त्याने एकदाच बायकोला बोलून दाखवलं होतं. त्यानंतर त्या विषयावर दोघं बोलली नाहीत.

मग पिकअप पुन्हा चढावर अडखळायला लागली.

या वेळी धाकटा नेहमीच्या वर्कशॉपमध्ये गेला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा मिस्त्री होता. त्याला सगळे 'बहिरा' म्हणत. ऐकू त्याला उत्तम यायचं, फक्त गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीचं निदान सांगायला लागलं की तो ऐकत नसे. त्याने धाकट्याचंही ऐकलं नाही. इंजिनाजवळचा फिल्टर काढून एका ताटलीत उपडा केला आणि ताटली तिरकी करून उजेडात धरली.

"डिझेल कुठून भरता?"

"आमचीच टाकी आहे. वखारीत."

मिस्त्री ताटली पुसून ठेवत म्हणाला, "गाडीची टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये आणखी एक फिल्टर बसवू. चला दुकानात."

सुट्या भागांच्या दुकानदाराने काउंटरवर तीन फिल्टर मांडले. एक अंगठ्याएवढा, प्लॅस्टिकचा. दुसरा पत्र्याचा, जाडजूड. तिसऱ्याला खाली काचेची वाटी होती आणि वाटीच्या तळाला पाणी सोडायचा स्क्रू.

"सगळ्यात बारीक जाळीचा कोणता?" धाकट्याने विचारलं. "तोच द्या. कणसुद्धा जायला नको."

"हा पत्र्याचा," दुकानदार म्हणाला. "यातून पापसुद्धा जात नाही."

"तो ठेव आत," मिस्त्री म्हणाला. मग धाकट्याकडे वळून, "अहो, इंजिन टाकीतून डिझेल ओढतं. ओढायच्या वाटेवर एवढा बारीक फिल्टर घातलात तर इंजिन उपाशी मरेल. बारीक गाळायला कंपनीचा पुढे आहेच. आपल्याला आधी जाडा गाळ अडवायचाय, आणि पाणी. हा काचेचा घ्या."

"काच फुटली तर?"

"पत्रा लावून देऊ खाली. काचेचाच घ्या. आत काय साचलंय ते दिसायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीच्याच अंगणात धाकट्याने फिल्टर स्वतःच्या हाताने बसवला. मिस्त्री स्टुलावर बसून सांगत होता. आधी पिकअपची टाकी रिकामी करून आतून धुतली. मग सायलेन्सरपासून लांब, चॅसिसच्या आतल्या अंगाला जागा पाहिली. तिथे दगड लागणार नव्हता आणि खाली वाकून स्क्रूपर्यंत हात पोचत होता. दोन भोकं पाडून पट्टी बोल्टने आवळली. पाइप कापला तेव्हा डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"बाण बघा," मिस्त्री म्हणाला. "बाण इंजिनाकडे. उलटा बसवून माझ्या नावाने शंख करणारे पुष्कळ आलेत."

धाकट्याने बाण पाहिला, पाइप चढवले, क्लिपा आवळल्या. मग डिझेल वर खेचायला इंजिनाजवळचा हातपंप दाबत बसला. काचेत आधी नुसते बुडबुडे आले, मग हळूहळू पिवळसर, स्वच्छ डिझेल चढलं. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं आणि एका लयीत चालत राहिलं. कितीतरी दिवसांनी धाकट्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आता एक करा," मिस्त्री म्हणाला. "चार दिवस बाहेरच्या पंपावर भरा. पाचव्या दिवशी तुमच्या टाकीतून भरा. रोज वाटी बघत जा."

चार दिवस वाटी स्वच्छ राहिली. पाचव्या दिवशी सकाळी त्याने वखारीच्या टाकीतून डिझेल भरलं, दिवसभर फळ्या पोचवल्या आणि चारच्या सुमाराला गाडीखाली डोकं घातलं. वाटीच्या तळाशी दोन बोटं पाणी होतं. त्याच्यावर डिझेल, मध्ये सरळ रेघ. स्क्रू सैल करून त्याने ते पाणी एका बरणीत घेतलं. गाडीखाली तसाच पडून तो बराच वेळ बरणीकडे पाहत राहिला.

मग तो टाकीकडे गेला. शेडमागे बाबांनी तरुणपणी भंगारातून स्वतः जोडून घेतलेली लोखंडी टाकी होती. वरचं झाकण एका बाजूने गंजून खाल्लेलं, आणि शेडच्या पत्र्याचं पाणी नेमकं त्याच्यावर पडत होतं. त्याने लांब काठी शोधायला सुरुवात केली तसा करवत चालवणारा कामगार मशीन थांबवून आला.

"दांडा पाहिजे ना? तिकडे भिंतीला आहे. मोठ्या मालकांनी घेतला होता तोच."

"दादाने? कधी?"

"पिकअपचा पंप पहिल्यांदा गेला होता ना, त्याच आठवड्यात. दांड्याला कसलीतरी पेस्ट लावून बुडवला होता. पाणी लागलं की रंग बदलतो म्हणाले. चांगली वीतभर रंगली होती." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

पहिल्यांदा. म्हणजे आईच्या झटक्याच्या आठ महिने आधी.

ऑफिसात थोरला आणि बाबा दोघेही होते. धाकट्याने बरणी टेबलावर ठेवली. थोरल्याने ती पाहिली आणि लिहिणं थांबवलं.

"दादा, तू तुझ्या गाडीत डिझेल कुठे भरतोस?"

"बाहेर. जाता-येता पडतं ते."

"कधीपासून?"

थोरल्याने पेनाला टोपण लावलं.

"तू दांडा घालून पाहिलं होतंस. तुला माहीत होतं."

"ट्रकांना काही होत नव्हतं," थोरला म्हणाला. "तुझ्या गाडीचं इंजिन नाजूक. हंगाम चालू होता, टाकी उपसायची म्हणजे तीन दिवस काम बंद. नंतर करू म्हटलं. मग राहून गेलं."

"आणि माझा पाय जड?"

"ते आधी बोलून गेलो होतो रे. पाणी नंतर कळलं. चारचौघांत बोललेलं मागे कसं घ्यायचं?"

"आणि आई?"

थोरल्याने खाली पाहिलं. धाकटा बाबांकडे वळला. बाबांनी बरणी हातात घेतली नव्हती, तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. त्यावरून त्याला कळलं.

"बाबा, तुम्हालाही माहीत होतं."

"याने सांगितलं होतं, दवाखान्यातून आल्यावर," बाबा म्हणाले. "घरात आधीच एवढं झालेलं. दोन भावांत आणखी वितुष्ट कशाला, म्हणून मीच म्हटलं, गप्प राहा. तू तर काही बोलत नव्हतास. सगळं गुपचूप करत होतास आईचं. मला वाटलं, तू सावरलास."

"सावरलो," धाकटा म्हणाला.

बरणी तिथेच सोडून तो बाहेर आला. मशीन बंदच होतं. कामगार उगाचच भुसा गोळा करत होता.

रात्री त्याने बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "दादाचं चुकलंच. पण आता हे उकरून काय होणार? आईचा हात परत येणार आहे का?" जिन्यात आपण त्याला काय बोललो होतो, ते तिला आठवत नसावं. त्यानेही आठवण करून दिली नाही.

आईला सांगायचं की नाही, यावर त्याने दोन दिवस विचार केला. तिला बोललेलं समजायचं. तिला कळलं असतं, आणि उत्तर देता आलं नसतं. त्याने सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात टाकीला नवं झाकण आलं. दोन्ही ट्रकांनाही काचेच्या वाटीचे फिल्टर बसले. थोरला गिऱ्हाइकांना ते कौतुकाने दाखवायचा आणि म्हणायचा, "इंजिनाची काळजी आधी घ्यावी लागते हो." पिकअपची किल्ली तोवर धाकट्याने ऑफिसातल्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. तो एका बेकरीची व्हॅन चालवायला लागला. घरची वखार सोडून इथे कसे, असं बेकरीवाल्याने विचारलं तेव्हा "पटलं नाही" एवढंच म्हणाला.

घर मात्र त्याला सोडता आलं नाही. आई त्याच घरात होती, आणि बाबांनी सांगून टाकलं होतं की ती कुठे जाणार नाही. बेकरीचं काम पहाटे असल्याने आता आईला सकाळी बायको भरवते. थोरला आणि तो एकाच जिन्याने ये-जा करतात. समोरासमोर आले की एकजण भिंतीला टेकून वाट देतो. औषध संपलं का, डॉक्टरांची तारीख कधी, एवढं बोलतात. पाहुण्यांना वाटतं, भाऊ गुण्यागोविंदाने राहतात.