शेवटचं कडवं

सुलाबाईनं ती कॅसेट आपल्या हातानं निवृत्तीला दिली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे उगाच कुणी म्हणायला नको, की चोरानं कुलूप फोडलं. कुलूप नव्हतंच हो. दार तिनंच उघडून दिलं होतं.

सोमा तिचा नवरा. बाजार समितीत हमाली करायचा आणि गाणी रचायचा. अक्षराशी गाठ नाही, सगळी गाणी तोंडात. चौऱ्याऐंशी सालच्या जयंतीला नांदगावच्या मावसभावानं टेपरेकॉर्डर आणून ती एका कॅसेटवर भरून घेतली आणि त्याच पावसाळ्यात सोमा काविळीनं गेला. दर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'सोमा म्हणे' असं स्वतःचं नाव गुंफायची त्याची रीत होती. सही करता येत नव्हती, म्हणून गाण्यातच नाव. सुलाबाई रोज कॅसेट लावायची आणि त्या कडव्याला हातातलं काम थांबवायची. "माणूस गेला, पण नाव बोलतंय माझ्या घरात," असं शेजारणींना सांगायची.

वर्षाच्या पुण्यस्मरणाला नातलगांना एकेक कॅसेट द्यावी, असं तिच्या मनात आलं. द्वारका चौकात तिची भाजीची गाडी आणि समोरच निवृत्तीचं कॅसेट भरून देण्याचं दुकान. निवृत्ती म्हणजे सोमाच्या उठण्याबसण्यातला. मग परका कसा म्हणायचा?

"वहिनी, तुमचं काम म्हणजे घरचं काम," निवृत्ती म्हणाला.

कॅसेटी मिळाल्या. मूळची मात्र मिळाली नाही. "मशिनीत गुंतली, तुटली. ही नवी कोरी घ्या," म्हणाला. आणि ही भोळी बाई त्याचे आभार मानून आली! काय म्हणावं?

घरी लावली. 'पाठीवर गोण, काखंत पुस्तक' हे गाणं लागलं. एक कडवं झालं, दुसरं, तिसरं. सुलाबाईनं हातातली भाकरी परातीतच ठेवली. आणि चौथं आलंच नाही. खटकन 'पाटीवरची धूळ पुसा रं' हे पुढचं गाणं सुरू झालं. त्याचंही शेपूट तोडलेलं, त्याच्या पुढच्याचंही. दोन्ही बाजू संपल्या, सोमाचं नाव एकदाही आलं नाही.

सकाळी ती दुकानात गेली, तर निवृत्ती हसला. "अहो, नुसतं नावच तर असतं त्यात. तेवढ्या जागेत आणखी दोन गाणी बसली."

"पण माझ्या नवऱ्याची कॅसेट? ती इथं ढिगानं विकायला कशाला लावलीया?"

"लोक मागतात, वहिनी. माझा काय विलाज?"

लोक मागत होतेच. पिंपळगावचे टेम्पोवाले थांबून नेत होते, मालेगावच्या रिक्षांत वाजत होती. वेष्टनावर लिहिलं होतं 'पारंपरिक लोकगीते'. आणि निवृत्तीचा कर्णा सुलाबाईच्या गाडीसमोर दिवसभर सुरू. नवऱ्याचाच आवाज, कान तरी कसे झाकावेत? मेथीची जुडी बांधताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ती नकळत वाट बघायची आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी रोज खटकन पुढचं गाणं. पहिल्यापहिल्यांदा तिच्या काळजात चर्र व्हायचं. पुढं पुढं तेही होईना, आणि त्याचंच तिला भ्याव वाटायला लागलं.

वर्षभरानं वसाहतीतल्या पोरी नाचाला हेच गाणं म्हणत होत्या, तीनच कडव्यांचं. "ह्यात सोमाचं नाव हाय गं," ती म्हणाली. पोरी एकमेकींकडं बघून हसल्या. "काहीतरीच तुमचं, आजी!"

तेव्हा मात्र ती तडक पोलीस ठाण्यात गेली. आणि साहेब चांगला निघाला हो, उगाच खोटं कशाला बोला! त्यानं तिला खुर्ची दिली, निवृत्तीला बोलावून घेतलं.

"बाई, कायदा आता कडक झालाय. गाणं रचणाऱ्याचं असतं, त्याच्या मागं वारसाचं. कागद नसला तरी असतं. ह्याला आज आत घालतो मी."

"साहेब, लोकगीत हाय ते," निवृत्ती नम्रपणे म्हणाला. "बिनमालकाचं. आज्या-पणज्या म्हणत आल्यात."

"सोमाचं नाव हाय त्यात! शेवटच्या कडव्यात!"

"मग झालं तर," साहेबानं पेन उघडलं. "म्हणा ते कडवं. जसंच्या तसं लिहून घेतो. तेवढ्यावर बाकीचे साक्षीदार उभे करू."

सुलाबाई खुर्चीतून उठली. पदर सावरला. जन्मभर ती सोमाच्या मागं उभी राहून फक्त धृपद ओढत आली होती. कडवी त्याची, झील हिची. एकटीनं म्हणायची ही पहिलीच वेळ. पण आवाज लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ठाण्यातले शिपाईसुद्धा दारात येऊन उभे राहिले.

"पाटीवरची धूळ पुसा रं," ती म्हणाली.

साहेबानं मान वर केली. "हे दुसरं गाणं झालं, बाई."

"चुकलं, चुकलं. थांबा." तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, डोळे घट्ट मिटून. तिसरं कडवं संपलं, आणि पुन्हा पाटीवरची धूळ. 'सोमा म्हणे' एवढं तिला ठाऊक होतं. पण तो काय म्हणे? त्याचा खोकला आठवत होता, घामानं भिजलेला सदरा आठवत होता. ते चार शब्द कुठं गेले? तिला रडू फुटलं, लहान पोरीसारखं.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. कडवं नेमकं कापायचं तर ते आधी नीट ऐकावं लागतं. दर गाण्याचं, पुन्हा पुन्हा. जगात आता ते एकाच माणसाला पाठ असणार.

ती वळली आणि निवृत्तीपुढं तिनं हात जोडले. "भावजी, तक्रार नको मला. काही नको. नुसतं कडवं सांगा."

निवृत्ती तिच्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ किंचित हलले. मग त्यानं साहेबाकडं पाहिलं, साहेबाच्या हातातल्या पेनाकडं पाहिलं.

"कुठलं कडवं, वहिनी?"